लाल थोरल्याकडे, हिरवे धाकट्याकडे

“त्येनं दिलं तर मी देतो,” थोरले मगदूम म्हणाले आणि पानाची चंची सोडायला लागले.

हे वाक्य मी त्या सकाळी चौथ्यांदा ऐकत होते. दोनदा इथे, थोरल्यांच्या सोप्यात, आणि दोनदा अंगणातल्या भिंतीपलीकडे, धाकट्यांच्या सोप्यात. भिंत तशी कमरेइतकीच, वर शहाबादी फरशी बसवलेली. पण ती अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली होती. पलीकडे जायचं तर रस्त्यावर यायचं, वळसा घालायचा आणि दुसऱ्या फाटकातून आत शिरायचं. मी साडी नेसून गेले होते, त्यामुळे भिंतीवरून टांग टाकायची सोय नव्हती. एव्हाना गल्लीतली कुत्रीसुद्धा माझ्यावर भुंकायची थांबली होती.

“पण ते म्हणतात, तुम्ही दिलं तर ते देतील,” मी म्हटलं.

“काय?”

“तुम्ही दिलं तर ते देतील म्हणतात!”

“म्हणू द्या की. म्हणायला काय जातंय त्येचं?” त्यांनी शांतपणे पानाला चुना लावला. “आणि जाताय तसं त्येला इचारा, सोमवारची पाण्याची पाळी त्येची का माझी?”

मी कपाळावर हात मारला आणि उठले.

वीसेक वर्षं झाली या गोष्टीला. गावाचं नाव सांगत नाही. शिरोळच्या पुढचं, नदीकाठचं, चहूबाजूंनी उसानं वेढलेलं गाव, एवढं पुरे. मी तिथे गेले होते ती बुद्धिबळाच्या एका संचासाठी. हुपरीच्या चांदीवाल्यांना पैंजणांचे नमुने काढून देणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आणि जुनी बुद्धिबळं जमवणं हा छंद. खेळता मला फारसं येत नाही. घोडा अडीच घरं जातो, उंट तिरका जातो, इथपर्यंतच माझी मजल. लोक विचारतात, खेळता येत नाही तर जमवता कशाला? जुनी नाणी जमवणारा माणूस त्या नाण्यांनी भाजी आणतो का, असं मी त्यांना विचारते.

या संचाची पहिली खबर मला हुपरीतच लागली. एका कारागिराच्या दुकानात चांदीच्या तारेचं भेंडोळं उलगडू नये म्हणून त्यावर एक हिरवं प्यादं ठेवलं होतं. मी तारेचं बघायला गेले आणि प्यादंच हातात घेऊन बसले. चरकावर लाकूड फिरवून कातलेलं, वर लाखेचा रंग दिलेला. डोकं गोल, त्याखाली एकच बारीक कडं आणि मग खालपर्यंत एक उतार. बाकी नक्षी नाही, काही नाही. पण हातात धरलं की बोटं आपोआप त्या कड्याखाली जाऊन बसत. ज्यानं ते कातलं त्याला कुठे थांबायचं हे कळत होतं, आणि माझ्या धंद्यात ते फार थोड्यांना कळतं. कारागीर म्हणाला, “सासुरवाडीचं हाय. पोरानं खेळायला आणलं हुतं. घ्या तुम्हाला पायजे तर.” मी ते दागिन्याच्या मखमली डबीत ठेवलं. पुढे वर्षभर रोज डबी उघडून बघत होते. ज्याचं प्यादं असं, त्याचा घोडा कसा असेल, त्याचा राजा कसा असेल, या विचारानं मला झोप लागेनाशी झाली होती. अखेर एका रविवारी मी एसटी पकडून त्या सासुरवाडीला थडकले.

सासरा म्हणजे धाकटे, रायगोंडा मगदूम. थोरले आदगोंडा मगदूम, त्यांना सगळा गाव अण्णा म्हणे. वडिलांच्या, म्हणजे अप्पांच्या माघारी, मी गेले त्याच्या दहा-बारा वर्षं आधी, दोघांची वाटणी झाली होती. जमीन वाटली, विहिरीचं पाणी वाटलं, घर वाटलं, आणि कुणी हूं की चूं केलं नाही. अडलं ते अप्पांच्या बुद्धिबळावर. एका फिरत्या कातार्‍यानं कधीकाळी या घरी मुक्काम करून अप्पांसाठी तो संच कातला होता. दोघांनाही तोच हवा. “शेतातलं निम्मं सोडतो, पण पट न्हाई सोडणार,” असं दोघंही म्हणाले. शेवटी पंच वैतागले. त्यांनी लाल मोहरे थोरल्याला दिले, हिरवे धाकट्याला दिले, आणि पट सुताराकडून मधोमध कापून घेतला. चार ओळी इकडे, चार ओळी तिकडे. वाटणी म्हणजे वाटणी! त्या दिवसापासून भाऊ भावाशी बोलत नव्हता.

हे सगळं मला धाकट्यांच्या बायकोनं, चंपाक्कांनी, पहिल्या चहालाच सांगितलं. त्या वेळी त्या निम्म्या पटावर बसून विळीवर वांगी चिरत होत्या. दुसरा निम्मा पट थोरल्यांकडे पिठाच्या डब्यावर झाकण म्हणून होता. संग्राहकाच्या जिवाचं काय होतं ते विचारू नका.

आणि मोहरे! थोरल्यांनी बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यातून एकेक लाल मोहरा काढून सोप्यावर ठेवला, तेव्हा मी तो हातात घेऊन फिरवून फिरवून बघायला लागले. चरकावर सगळं गोलच निघतं. त्यावर घोडा कसा काढणार? दुसरा कुणी असता तर तो चाकू घेऊन तोंड, कान, आयाळ कोरत बसला असता. या कातार्‍यानं काय केलं, मान गोलच कातली आणि ती तिरकी बसवली. बस्स. तेवढ्यावर घोडा झाला, आणि तोही पळायच्या बेतात असलेला. हत्ती म्हणजे नुसते दोन जाड खांदे. राजा आणि वजीर उंचीला सारखेच. राजाच्या डोक्याचा रुमाल सपाट, वजिराच्या रुमालाला जरा टोक, एवढाच काय तो फरक. लाल रंग इतक्या वर्षांनीही ओला वाटत होता. माझ्या कपाटात शिसवी संच होते, पितळी होता, सावंतवाडीचा रंगीत होता. या सोळा मोहर्‍यांपुढे ते सगळे मला पोरकट वाटायला लागले. हा संच मिळाला तर मला दुसरं काही नको होतं. आणि हा संच मिळायचा तर दोन्ही घरं एकाच वेळी ‘हो’ म्हणायला हवी होती.

म्हणून माझ्या वार्‍या सुरू झाल्या.

“रायगोंडाकाका, अण्णा विचारतात, सोमवारची पाळी कुणाची?”

“त्यास्नी म्हणावं, त्यांचीच. गेल्या खेपेला बी त्यांचीच हुती, त्यांनी घेतली न्हाई. माझा ऊस वाळला न् त्यांचा बी वाळला.” धाकटे बोलायला गडी मोकळा, पण भिंतीकडे पाठ करून बसायचे. “आणि इचारा, पुण्यास्नं पोराचा फोन आलता काय? सून बाळंत व्हायची हुती न्हवं?”

“पण मोहर्‍यांचं काय?”

“मोहरे हायतच की. अण्णांनी दिलं तर मी देतो.”

मी पुन्हा वळसा घालून इकडे. थोरल्यांना काहीही एकदा सांगून भागत नसे. प्रत्येक वाक्याला “काय?” यायचंच. आधी मला वाटलं, म्हातारा मुद्दाम छळतोय, बाईमाणसाची गंमत करतोय. मग लक्षात आलं, मी समोर तोंड करून, मोठ्यानं बोलले की नीट उत्तर येतं. पाठ फिरवून बोलले की काहीच येत नाही. कानानं अधू होते बिचारे. पण मला तेव्हा कीव यायच्या मनःस्थितीत कुणी ठेवलं होतं? मी ओरडत होते. “सोमवारची पाळी तुमची! सून बाळंत झाली का विचारतात!”

“झाली. मुलगी झाली. सांगा त्येला.” मग म्हणाले, “बारशाला गेलो न्हाई म्हणावं मी. एकटा कुठं जाऊ?”

मी सांगितलं. तिकडून निरोप आला, बांधावरच्या आंब्याची डहाळी अण्णांच्या कौलांवर आलीय, तोडायची का? इकडून उत्तर गेलं, न्हाई, सावली पडतीय, असू द्या. तिकडून आलं, देवळाच्या वर्गणीला अण्णांचं नाव घालायचं का? इकडून गेलं, घाला, पण त्येच्या नावाच्या खाली न्हाई, वर. दहा-बारा वर्षांचे निरोप तुंबून राहिले होते आणि देवानं त्या रविवारी त्यांना फुकटचा पोस्टमन धाडला होता. संचाचं मात्र दोन्हीकडून एकच पालुपद. त्येनं दिलं तर मी देतो.

दुपार झाली. पोटात कावळे ओरडत होते. इकडे अण्णा म्हणाले, “तिकडं जेवलासा असाल.” तिकडे चंपाक्कांनी एक झाकलेलं ताट माझ्या हातात दिलं. माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात त्या म्हणाल्या, “थोरल्यांचं हाय. तुमी तिकडं चाललासाच न्हवं, तेवढं ठिवा. तुमच्यासंगं डबा असंलच.” अण्णा घरात एकटेच, त्यामुळे अबोला असला तरी रोज दोन्ही वेळचं ताट याच घरातून जायचं. बोलायचं नाही, पण उपाशीही ठेवायचं नाही, असा तो प्रकार. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. मी तर उपाशी राहून वर वाढपीण झाले होते. भाकरी, झुणका, वांग्याची भाजी, ताकाची वाटी. वास घेत घेत मी ते ताट रस्त्यानं मिरवत नेलं.

अण्णांचं जेवण होईपर्यंत मी खांबाला टेकून बसले. ते चवीनं जेवत होते. झुणक्यात मीठ कमी आहे हेही त्यांनी मला ऐकवलं, आणि तेही पलीकडे सांगायला सांगितलं. तिथे माझं डोकं फिरलं.

मी अंगणात गेले, भिंतीजवळ उभी राहिले आणि दोन्हीकडे ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, “बास झालं! दोघंही बाहेर या. आपापले मोहरे घेऊन या, पटाचे तुकडे घेऊन या. मला एकदाच, फक्त एकदा, सगळा संच मांडलेला बघायचाय. मग द्यायचा तर द्या, नाहीतर मी निघाले. मी निरोप्या नाही!”

शेजारच्या घरातून कुणीतरी डोकावलं. चंपाक्का पदर सावरत बाहेर आल्या. आणि आश्चर्य म्हणजे दोघंही आले. अण्णा डबा आणि झाकण घेऊन, धाकटे कापडी पिशवी आणि पाट घेऊन. भिंतीवरच्या फरशीवर पटाचे दोन तुकडे एकमेकांना भिडवले. करवतीनं खाल्लेली दोरीएवढी फट मध्ये राहिली. एकाला पिठाचा वास येत होता, दुसर्‍यावर वांग्याचा डाग होता. त्यावर एका बाजूनं लाल मोहरे उभे राहिले, दुसर्‍या बाजूनं हिरवे. हिरव्यांत एका प्याद्याची जागा रिकामी होती. मी पर्समधून मखमली डबी काढली आणि ते प्यादं तिथे ठेवलं.

“आरं तिच्या!” धाकटे म्हणाले. “ह्ये कुठं घावलं?”

मी बघत होते. निम्मा संच बघणं आणि पुरा संच बघणं यात केवढं अंतर असतं! सकाळी लाल घोडा पळायच्या बेतात दिसला होता, तो कुणाकडे पळायच्या बेतात आहे हे आत्ता दिसत होतं. समोरचा हिरवा घोडाही त्याच्याकडेच कलला होता. कातार्‍यानं सगळा संच समोरासमोर ठेवून कातला असणार. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, उपाशीपोटीही.

“घिऊन जावा,” अण्णा एकदम म्हणाले. ते मोहर्‍यांकडेच बघत होते. “निम्म्यानं कोण खेळतंय? नुसतं ठिवून तरी काय करायचं?”

मी धाकट्यांकडे वळले.

“घिऊन जावा,” धाकटेही म्हणाले.

झालं! घोडं गंगेत न्हालं. मी पिशवी उघडली, मऊ कापडाच्या घड्या काढल्या, आणि पहिला मोहरा उचलायला हात पुढे केला. तेवढ्यात अण्णांनी राजापुढचं प्यादं एक घर सरकवलं.

धाकट्यांनी थोडा वेळ त्याकडे पाहिलं आणि आपलंही एक प्यादं सरकवलं. मी हात मागे घेतला. म्हटलं, खेळू द्या एक डाव. दिवसभर थांबले, अजून अर्धा तास. संध्याकाळची एसटी होती.

डाव चालला. मी वर्षभर मखमलीत जपलेलं प्यादं सातव्या-आठव्या चालीला मेलं. अण्णांनी ते उचलून असं टाकलं की ते फरशीवरून घरंगळत अंगणातल्या धुळीत पडलं. मी धावत जाऊन उचललं, पदरानं पुसलं.

“मेलं ते मेलं,” अण्णा म्हणाले. “ठिवा तिकडं.”

त्यानंतर बर्‍याच वेळानं धाकट्यांनी घोडा उचलला, फट ओलांडून लाल मोहर्‍यांच्या गर्दीत नेऊन ठेवला आणि मागे सरून बसले. राजावर सरळ शह होता. एवढं मलाही कळलं. पण अण्णांनी राजा हलवला नाही. त्यांनी भलतीकडचंच एक प्यादं पुढे ढकललं.

“त्यास्नी सांगा, शह हाय,” धाकटे मला म्हणाले.

“अण्णा, शह आहे!” मी ओरडले.

“तुमी खेळताय काय?”

“नाही.”

“मग तुमचा शह चालत न्हाई. आमच्या अप्पांचा नेम हाय. शह ज्यानं दिला त्यानं तोंडानं सांगायचा. न्हाई सांगितला तर शहच न्हाई.”

मी धाकट्यांकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली. म्हणजे नेम खरा होता. आता आली का पंचाईत! जिंकायचं तर बोलायला हवं, आणि बोलायचं तर दहा-बारा वर्षांचं नाक कापून घ्यायला हवं. चंपाक्का भिंतीपलीकडे हातातली मेथी निवडायची थांबल्या होत्या. मग धाकटे, मान तशीच खाली, पटाशीच बोलावं तसे म्हणाले, “शह.”

मला ऐकू आलं. चंपाक्कांना ऐकू आलं, त्यांनी तोंडाला पदर लावला. अण्णा पटावर डोळे लावून बसले होते, ते तसेच राहिले. थोड्या वेळानं मलाच म्हणाले, “त्येला सांगा, बसून र्‍हायला मला वेळ न्हाई. चाल कर म्हणावं.”

धाकट्यांचा चेहरा मी अजून विसरलेले नाही. ते उठले.

“बघितलासा? ह्येच. दोन वर्साखाली बी ह्येच केलं. पाडव्याचा दिस हुता. म्या बांधावरनं हाक मारली ह्यास्नी. दोनदा मारली, ‘अण्णा, अण्णा’ म्हणून. वळून सुदीक बघितलं न्हाई. तवा म्हटलं, र्‍हायलं. आपुनच का लाज सोडायची?” आणि ते खाली वाकून हिरवे मोहरे पिशवीत भरायला लागले. “घिऊन जावा, ताई. समदं घिऊन जावा. मला डोळ्यापुढं नगं.”

मी गप्प राहिले असते तर दोन मिनिटांत तो संच माझ्या पिशवीत होता. दोघांनी ‘घिऊन जावा’ म्हटलं होतं. साक्षीला चंपाक्का होत्या. मला फक्त तोंड बंद ठेवायचं होतं आणि कापडाच्या घड्या पुढे करायच्या होत्या. मी काही थोर मनाची बाई नाही. पण सकाळपासून त्या कानांशी ओरडून माझा घसा बसला होता, पोटात अन्नाचा कण नव्हता, आणि या माणसाला एवढी साधी गोष्ट ठाऊक नाही याचा मला असा संताप आला की ते आपोआपच तोंडातून गेलं.

“अहो, त्यांना ऐकू येत नाही!”

धाकट्यांचा हात पिशवीतच थांबला. “कुणाला?”

“अण्णांना! सकाळपासून मी काय हौस म्हणून किंचाळतेय? समोर उभं राहून ओरडल्याशिवाय त्यांना अक्षर कळत नाही. बांधावरून मारलेली हाक काय डोंबल ऐकू येणार?”

धाकटे माझ्याकडे बघत राहिले. मग भावाकडे. भाऊ पटाकडे बघत होता. हिरव्या बाजूचे मोहरे कमी का झाले, हे त्याला कळत नव्हतं. मध्ये फक्त ती कमरेइतकी भिंत होती. तिच्या अलीकडे एक माणूस हळूहळू बहिरा होत गेला होता आणि पलीकडे कुणाला त्याचा पत्ता नव्हता. चंपाक्का माझ्याशी पुटपुटल्या, “थोरल्यांम्होरं बोलायची आमच्यात रीत न्हाई, ताई. ताट ठिवायचं नि यायचं. मला बी कळलं न्हाई बघा.”

धाकट्यांनी पिशवीतले मोहरे काढले आणि एकेक जागच्या जागी परत मांडला. कुठला कुठे होता हे त्यांना पाठ होतं. शेवटी घोडा ठेवला. मग ते भिंतीवरून अर्धे पलीकडे वाकले, भावाच्या कानाशी तोंड नेलं आणि ओरडले, “अण्णा!”

अण्णा दचकले. त्यांनी वर पाहिलं. दिवसभरात पहिल्यांदाच त्यांनी भावाच्या तोंडाकडे पाहिलं.

“शह!”

“कुणाचा?”

“घोड्याचा!”

अण्णांनी पटाकडे पाहिलं, पुन्हा भावाकडे पाहिलं. मग म्हणाले, “मग मगाशीच सांगायला काय झालतं?”

“सांगितला की! तुमी ऐकला न्हाईसा!”

“मोठ्यानं बोलावं माणसानं. तोंडातल्या तोंडात बोलतूस ल्हानपनापासनं.” त्यांनी डोळे पुसले आणि मगाशी ढकललेलं प्यादं मागे घेतलं.

“ते माघारी घ्यायचं न्हाई! हात सुटला की चाल झाली. अप्पांचा नेम हाय!”

“शह आगुदर सांगितला असतास तर मी ते हलीवलंच नसतं!”

“सांगितला हुता!”

“मला न्हाई सांगितलास!”

आणि मग जे भांडण जुंपलं ते सगळ्या गल्लीनं ऐकलं. प्याद्यावरून ते आंब्याच्या डहाळीवर गेलं, तिथून पाण्याच्या पाळीवर, तिथून बारशाला एकट्यानं न जाण्यावर. लोक गच्चीवर येऊन बघायला लागले. मी हातात कापडाच्या घड्या घेऊन भिंतीच्या टोकाशी उभी होते. भांडणाला जरा उसंत मिळाली तशी मी पुढे झाले.

“म्हणजे, संचाचं मग...”

“ताई,” अण्णा पटावरून नजर न काढता म्हणाले, “वाईच बाजूला सरा. उजेड अडतोय.”

मी बाजूला सरले. चंपाक्कांनी विचारलं, “जेवलासा न्हवं?” मी नाही म्हटल्यावर त्यांनी “अगं बया!” करत मला आत नेलं आणि वाढलं. मी रागारागानं तीन भाकरी खाल्ल्या. झुणक्यात मीठ खरंच कमी होतं. बाहेर डाव चाललाच होता. संध्याकाळच्या एसटीत बसल्यावर माझ्या लक्षात आलं की रिकामी डबी तेवढी माझ्याकडे आहे. पुरा संच आणायला गेले आणि होतं ते एक प्यादंही तिथेच ठेवून आले! कोल्हापूर येईपर्यंत मी स्वतःला, त्या दोघांना आणि त्यांच्या अप्पांना शिव्या घालत होते.

पुढे दिवाळीच्या सुमाराला हुपरीला काम निघालं. प्यादं तरी मागून आणावं म्हणून मी वाट वाकडी करून गेले. अंगणात भिंत होती, पण मध्ये माणूस जाईल एवढा भाग पाडून तिथे वाट केली होती. वाटेशेजारी उरलेल्या भिंतीवर पट मांडलेला होता आणि दोन बाजूंना दोघं.

मी वाकून पट पाहिला. दोन्ही तुकडे जोडून टाकले होते. वरून लोखंडाच्या दोन जाड पट्ट्या आडव्या मारल्या होत्या, आणि पट्ट्यांतून चांगले खिळे ठोकले होते, थेट पटाच्या जुन्या घरांच्या मधोमध. एका खिळ्यानं लाकूड पार चिरलं होतं. संग्राहक म्हणून सांगते, जगात कुणी तो पट आता कपाटात ठेवला नसता.

“सुतार म्हणत हुता, फेव्हिकॉलनं जोडतो, दिसणार बी न्हाई,” अण्णा अभिमानानं म्हणाले. “म्या म्हटलं, खिळंच मार. काय ताई, घिऊन जाताय काय आता?”

“आता कशाला?” मी म्हटलं. मला रडू येत होतं. “सगळा खराब केलात.”

“काय?”

“खराब झाला म्हणतायत!” धाकटे त्यांच्या कानाशी ओरडले.

अण्णांनी मान डोलावली. मग जरा पुढे झुकून, अगदी खात्री करून घ्यावी तसं त्यांनी मला विचारलं, “म्हंजे आता ह्यो कुणी घ्यायला येणार न्हाई?”

“नाही,” मी मोठ्यानं सांगितलं. “कुणीच नाही.”

“झ्याक झालं,” ते म्हणाले आणि धाकट्या भावाकडे वळले. “हं, चाल तुजी.”